अरुंद पडदा, रुंद मजकूर

साधा गद्य परिच्छेद कुठल्याही रुंदीत बसतो. पडदा अरुंद झाला की ओळी वाढतात, अर्थाला धक्का लागत नाही. अडचण येते ती जिथे मांडणी हाच अर्थाचा भाग असतो तिथे. कायद्याचे कलम आणि त्याच्या पोटातले खंड, संगणकाचा प्रोग्राम, वृत्तबद्ध कविता आणि गणिताचे सूत्र ही त्याची ठळक उदाहरणे. यांत कोणती ओळ किती आत सुरू होते, कोणते चिन्ह कोणाच्या वर किंवा खाली बसते, यावर वाचन अवलंबून असते. कागदासाठी या साऱ्याचे नियम छापखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून-पुसून तयार केले. फोनचा पडदा आला आणि त्या नियमांमागचे गृहीतकच गेले, कारण पानाची रुंदी आता मांडणाऱ्याच्या हातात उरली नाही. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत या प्रश्नावर कोणकोणते उपाय निघाले, त्यांतले कोणते टिकले आणि कोणते नुसतेच सोयीचे ठरले, याचा हा आढावा.

रुंदी नेमकी किती?

वेबपानाची रुंदी सीएसएस पिक्सेल या एककात मोजतात. व्याख्येप्रमाणे एका इंचात असे ९६ पिक्सेल. फोनच्या काचेवरचे प्रत्यक्ष ठिपके याच्या दुप्पट-तिप्पट असतात, पण मांडणीचा हिशेब या एककातच चालतो. आज वापरातले बरेचसे अँड्रॉइड फोन उभे धरले की ३६० पिक्सेल रुंद भरतात. काही फोन ३९०, काही ४१२. ब्राउझर पानाच्या दोन्ही कडांना मुळातच आठ-आठ पिक्सेल मोकळे सोडतो. म्हणजे हाती उरतात ३४४.

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता. त्या वेळची सारी वेबपाने मोठ्या पडद्यासाठी बेतलेली, म्हणून त्यातला ब्राउझर आपण ९८० पिक्सेल रुंद असल्याचे सोंग घेई आणि अख्खे पान आक्रसून दाखवी. वाचणाऱ्याने बोटांनी मोठे करायचे आणि इकडेतिकडे सरकवत वाचायचे. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ या लेखात वेगळा मार्ग सुचवला. पान एकच असावे आणि पडद्याच्या रुंदीनुसार त्याची मांडणी बदलावी. ही कल्पना इतकी रुजली, की आज ती कोणाला कल्पना वाटतच नाही. मात्र मार्कोट यांच्या मांडणीत लवचिक जाळी आणि लवचिक चित्रे होती. खोल आत गेलेली यादी किंवा लांबलचक सूत्र कसे लवचिक करायचे, हा प्रश्न तेव्हा बाजूलाच राहिला.

अरुंद पडदा म्हणजे फक्त फोन, असेही समजू नये. वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष जून २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यांत एक अट आली, की ३२० पिक्सेल रुंदीतही पान उभे सरकवून वाचता यावे, आडवे सरकवावे लागू नये. हा ३२० चा आकडा आला तो १२८० पिक्सेल रुंद पडदा चौपट मोठा करून वाचणाऱ्या, दृष्टी अधू असलेल्या वाचकाच्या हिशेबातून. टेबलावरच्या मोठ्या संगणकासमोर बसलेला हा वाचकही अरुंद पडद्याचाच वाचक आहे. नकाशे आणि तक्ते यांसारख्या दोन्ही दिशांनी वाचायच्या गोष्टींना या अटीतून सूट आहे, पण ती तेवढ्या तुकड्यापुरती. एका तक्त्यापायी सगळे पान आडवे हलू लागले, तर ते निकषात बसत नाही.

आत घेतलेली ओळ

यादी किंवा अवतरण आत घेण्याचे माप एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेच्या मानक दस्तऐवजातच ठरलेले आहे. यादीची प्रत्येक पातळी डावीकडून ४० पिक्सेल आत जाते. अवतरण दोन्ही बाजूंनी ४०-४० पिक्सेल आत येते. मोठ्या पडद्यावर हे माप डोळ्यांत भरत नाही. फोनवर मात्र अंगापेक्षा बोंगा मोठा होतो. यादीत यादी आणि तिच्यात आणखी एक यादी आली की १२० पिक्सेल रिकामे जातात, ३४४ पैकी २२४ उरतात. त्या तिसऱ्या पातळीवर एखादे अवतरण आले तर उरतात १४४. नेहमीच्या १६ पिक्सेलच्या अक्षरात तिथे ओळीला दोन-तीन मराठी शब्द मावतात. मराठी शब्द विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन लांबतात, त्यामुळे ‘महानगरपालिकेच्या’सारखा एकच शब्द ओळ अडवून बसतो. त्यात मजकूर दोन्ही कडांना समतल केला, तर शब्दांमध्ये खिंडारे पडतात.

मग ओळ आत घेणेच बंद करावे का? अनेक संकेतस्थळे फोनवर तेच करतात, आणि तिथे अर्थ सांडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे गाजलेले ६६अ कलम घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते रद्द केले. त्याच्या रचनेत आधी संगणकावरून किंवा अन्य साधनाने संदेश पाठवणारी व्यक्ती येते, मग कोणकोणत्या प्रकारचे संदेश, याचे तीन खंड येतात. तिसरा खंड संपल्यावर मजकूर पुन्हा डाव्या कडेला येतो आणि तिथे शिक्षा सांगितलेली असते. ती तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि दंडाची. हे शेवटचे वाक्य तिन्ही खंडांना लागू आहे, हे वाचकाला कळते, ते वाक्य कडेला परत आल्यामुळे. सगळ्या ओळी एकाच कडेला आणल्या, तर शिक्षा फक्त तिसऱ्या खंडापुरती आहे असा समज होऊ शकतो. याउलट सगळ्या ओळी चाळीस-चाळीस पिक्सेलच्या पायऱ्यांनी आत नेल्या, तर मजकूर अरुंद बोळात सापडतो.

यावरचे चांगले उपाय पायरी ठेवतात आणि तिची उंची कमी करतात. पहिल्या पातळीला २० पिक्सेल, पुढच्या प्रत्येक पातळीला १२, आणि तिसऱ्या पातळीनंतर माप गोठवायचे. डोळ्याला पातळी ओळखायला एका अक्षराएवढे अंतर पुरते. दुसरा उपाय रिकाम्या जागेऐवजी डावीकडे बारीक उभी रेघ देण्याचा. तीन पातळ्यांच्या तीन रेघा २५-३० पिक्सेलांत बसतात आणि कोणता मजकूर कोणाच्या पोटात आहे हे स्पष्ट दिसते. तिसरा उपाय कायद्याच्या मजकुराला विशेष लागू पडतो. प्रत्येक खंडावर नुसते (क) किंवा (२) न लिहिता १९(१)(क) असा पूर्ण पत्ता लिहायचा. पातळी अक्षरांतच नोंदली गेली, की ओळ किती आत आहे याला दुय्यम महत्त्व उरते. पडदा वरखाली करताना मूळ कलमाचा आकडा दृष्टीआड गेला तरी वाचक हरवत नाही, हा वरचा फायदा.

कोडची गोष्ट

प्रोग्रामच्या ओळीची रुंदी ठरली ती पडद्यांच्याही आधी. आयबीएमने १९२८ साली ८० स्तंभांचे पंचकार्ड काढले. पुढे संगणकाच्या टर्मिनलांनी तोच आकडा उचलला आणि तो प्रोग्रामरांच्या सवयीत कायमचा जाऊन बसला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची २००१ सालची पेप-८ ही शैलीपुस्तिका आजही ओळ ७९ अक्षरांची आणि प्रत्येक पातळी चार मोकळ्या जागांची ठेवायला सांगते. लिनक्सच्या गाभ्याचे कोड लिहिणारे प्रत्येक पातळीला आठ अक्षरांची जागा सोडतात.

आता फोनचा हिशेब करू. सर्व अक्षरे समान रुंदीची असलेला टंक ब्राउझर मुळात १३ पिक्सेलचा दाखवतो. त्यातले एक अक्षर साधारण ७.८ पिक्सेल रुंद असते. ३४४ पिक्सेलांत अशी ४४ अक्षरे बसतात. पायथनमध्ये वर्ग, त्यात फंक्शन, त्यात आवर्तन आणि त्यात अट अशी नेहमीची रचना असेल, तर आतली ओळ १६ जागा सोडून सुरू होते आणि तिला २८ अक्षरे उरतात. लिनक्सच्या पद्धतीने चार पातळ्या आत गेलेल्या ओळीला बाराच उरतात.

इथे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो ओळ तोडा, दुसरा म्हणतो आडवी सरकवू द्या. ओळ सरसकट तोडली की तिचा उरलेला भाग पडद्याच्या डाव्या कडेला येऊन पडतो. पायथनमध्ये डावी कड म्हणजे सर्वांत बाहेरची पातळी, त्यामुळे तुटका तुकडा नवी आज्ञा असल्यासारखा दिसतो. ओळ तोडायचीच असेल, तर तुटलेला भाग मूळ ओळीपेक्षा थोडा आत आला पाहिजे. विमसारख्या कोड लिहिण्याच्या साधनांनी ही सोय दिली आहे. वेबपानावर ती सहजी मिळत नाही, प्रत्येक ओळ स्वतंत्र धरून तिला लटकता समास द्यावा लागतो.

आडवे सरकवण्यात ओळीचे शेपूट दिसेनासे होते, सुरुवात मात्र जागेवर राहते. कोडमध्ये रचना ओळींच्या सुरुवातीलाच असते, म्हणून कोडपुरता हा सौदा वाजवी आहे. पण त्याला अटी आहेत. सरकायला हवी ती कोडची चौकट, सगळे पान नव्हे. दुसरे असे, की फोनवर सरकपट्टी बोट लावेपर्यंत दिसत नाही. ओळ नेमकी शब्दाच्या शेवटी कापली गेली, तर पुढे काही आहे याची वाचकाला शंकाही येत नाही. म्हणून उजव्या कडेला हलकी सावली द्यावी किंवा शेवटचे अक्षर अर्धवट दिसू द्यावे. आणि आत घेण्यासाठी मोकळ्या जागांऐवजी टॅब वापरला असेल, तर सीएसएस या मांडणीच्या भाषेतल्या एका ओळीने त्याची रुंदी आठवरून दोनवर आणता येते. ‘गो’ या भाषेने टॅबच स्वीकारला आहे. त्यामुळे आत जाण्याची पातळी लेखक ठरवतो आणि तिची रुंदी वाचणारा.

कवितेची ओळ

कवितेची ओळ कवीने जिथे तोडली तिथेच तुटली पाहिजे. ई-पुस्तकांच्या पहिल्या काळात हे पथ्य पाळले गेले नाही. अमेरिकन कवी जॉन अ‍ॅशबेरी यांच्या कवितांच्या ई-आवृत्त्यांत ओळी आणि कडवी एकमेकांत मिसळून गद्यासारखा गोळा झाला. त्यांनी हरकत घेतल्यावर प्रकाशकाने त्या आवृत्त्या मागे घेतल्या. पुढे २०१४ मध्ये त्यांचे संग्रह ओळीओळीवर काम करून पुन्हा डिजिटल रूपात आले.

छापखान्याने या प्रश्नावर फार पूर्वीच तोड काढली होती. ओळ पानात मावली नाही, तर तिचा उरलेला भाग खाली, पण ठळकपणे आत घ्यायचा, म्हणजे ही नवी ओळ नाही हे कळते. वेबवर प्रत्येक ओळ वेगळी नोंदली असेल तर हेच सहज साधते. सगळी कविता एका परिच्छेदात नुसत्या ओळतोडींनी लिहिली असेल, तर मात्र साधत नाही.

मराठी वृत्तांना इथे आणखी एक आधार आहे. मंगलाष्टके ज्या शार्दूलविक्रीडितात म्हणतात त्याच्या चरणात १९ अक्षरे असतात आणि बाराव्या अक्षरावर यती असते. नेहमीच्या टंकात हा चरण फोनच्या रुंदीत जेमतेम मावतो. वयस्क वाचकाने अक्षर मोठे केले, की मोडतो. तो मोडायचाच असेल तर बाराव्या अक्षरानंतर मोडावा, तिथे म्हणणाराही थांबतो. ब्राउझरला यती कळत नाही. ती जागा मजकूर तयार करणाऱ्यानेच ‘तुटलीच तर इथे’ अशी खूण करून दाखवावी लागते, आणि एचटीएमएलमध्ये अशी खूण आहे. तोडण्याची योग्य जागा रचनेतच दडलेली असते आणि ती रचणाऱ्यालाच ठाऊक असते, हा मुद्दा सूत्रांच्या बाबतीत आणखी ठाम होतो.

सूत्र: जुने दुखणे

वेबचा जन्म सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला, तरी तिच्या भाषेत समीकरण लिहायची सोय नव्हती. १९९५ च्या एचटीएमएल ३ च्या मसुद्यात गणितासाठी घटक सुचवला गेला. पुढच्या मंजूर आवृत्तीत तो वगळला. एप्रिल १९९८ मध्ये मॅथएमएल ही स्वतंत्र भाषा मानक म्हणून जाहीर झाली, पण ब्राउझरांनी ती मनावर घेतली नाही. फायरफॉक्सने साथ दिली. क्रोमने जानेवारी २०१३ मध्ये ती एका आवृत्तीपुरती आणली आणि काढून टाकली. पुन्हा आली ती जानेवारी २०२३ मध्ये. मानक जाहीर झाल्यापासून सर्व प्रमुख ब्राउझरांत सूत्र आपोआप दिसेपर्यंत सुमारे पंचवीस वर्षे हे घोंगडे भिजत राहिले.

मधल्या काळात लोकांनी दोन वाटा काढल्या. एक सूत्राचे चित्र चिकटवण्याची. चित्राला ओळ तोडता येत नाही. दुसरी वाट ब्राउझरमध्येच सूत्र जुळवणाऱ्या जावास्क्रिप्ट प्रोग्रामांची. २०१० साली मॅथजॅक्स आले, २०१४ साली खान अकादमीने वेगवान केटेक काढले. दोन्हींत सूत्रे लिहायची पद्धत डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ च्या सुमारास घडवलेल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचीच. सूत्रांच्या देखणेपणात टेकला तोड नाही. मात्र ते घडले छापील पानासाठी, आणि तिथे पानाची रुंदी लेखकाला आधीच माहीत असते.

सूत्र तोडण्याचे मुद्रणातले नियम स्पष्ट आहेत. बरोबर, लहान, मोठे या संबंधचिन्हांपाशी तोडणे सर्वांत बरे. ते जमले नाही तर बाहेरच्या पातळीवरच्या अधिक-उण्यापाशी. गुणाकारापाशी नाइलाज म्हणून, आणि तसे केले तर न लिहिलेले गुणिले चिन्ह लिहून दाखवायचे. कंसात शक्यतो शिरायचे नाही. अपूर्णांक आणि वर्गमूळ अखंड ठेवायचे. वाक्याच्या ओघातले सूत्र चिन्हानंतर तोडतात, स्वतंत्र ओळीवरचे चिन्हाआधी. उदाहरणार्थ:

(अ + ब + क)²
  = अ² + ब² + क²
    + २अब + २बक + २कअ

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीचे चिन्ह आधीच्या ओळीशी नाते सांगते. रशियन परंपरेत तर चिन्ह ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असे दोनदा लिहितात. कनूथ यांनी वाक्यातल्या सूत्रासाठी हे नियम दंडाच्या आकड्यांत बसवले. संबंधचिन्हानंतर तोडले तर ५०० दंड, अधिक-उण्यानंतर ७००. यंत्र कमीत कमी दंडाची जागा शोधते. स्वतंत्र ओळीवरचे सूत्र मात्र टेक स्वतःहून तोडत नाही. ते काम लेखकाचे, असे कनूथ यांनी ठरवून टाकले.

चार मार्ग

फोनवर सूत्र मावत नसेल तर चार गोष्टी करता येतात.

पहिली, लहान करणे. ६०० पिक्सेल रुंद सूत्र ३४४ मध्ये बसवले, तर १६ पिक्सेलचे अक्षर नऊवर येते. घातांक मुळातच मुख्य अक्षराच्या सात दशांश असतात, ते साडेसहाच्या खाली जातात. वर्ग आहे की घन, हे ओळखण्यासाठी डोळे ताणावे लागत असतील, तर सूत्र दाखवूनही दाखवलेले नाही. हा मार्ग बाद समजावा.

दुसरी, आडवे सरकवणे. सारणीरूप मांडणी किंवा मोठा निश्चयक तोडताच येत नाही, तिथे हाच उपाय. समीकरणांच्या साखळीत मात्र तो त्रासाचा होतो. डावी बाजू पाहताना उजवी दिसत नाही आणि दोन्ही बाजूंची तुलना हाच तर समीकरणाचा मुद्दा असतो. शिवाय अलीकडच्या फोनांत कडेवरून बोट आडवे फिरवले की मागचे पान येते, त्यामुळे सूत्र सरकवायला जावे आणि पानच निघून जावे, असेही घडते. फोन आडवा धरण्याचा सल्ला काही ठिकाणी देतात. तो तात्पुरता ठीक, पण आडव्या फोनवर ओळी मोजक्याच दिसतात आणि सूत्राआधीचे स्पष्टीकरण वर निघून जाते.

तिसरी, यंत्राकडून तोडून घेणे. मॅथजॅक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत २०१२ पासून ही सोय होती, मात्र ती मुद्दाम सुरू करावी लागे. २०१९ ची तिसरी आवृत्ती नव्याने लिहिली गेली तेव्हा ती गेली आणि २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत सुधारून परत आली. आता सूत्र मावले नाही तर ते तोडायचे, सरकवायचे, लहान करायचे की तसेच बाहेर जाऊ द्यायचे, हे पान तयार करणारा निवडू शकतो. केटेक वाक्यातले सूत्र बाहेरच्या पातळीवरच्या चिन्हानंतर तोडू देते, स्वतंत्र सूत्र नाही. ब्राउझरांनी स्वीकारलेल्या मॅथएमएलच्या गाभ्यात तर ओळ तोडण्याची सोय ठेवलेलीच नाही. २०१० च्या मॅथएमएल ३ मध्ये ती होती, अगदी रशियन पद्धतीने चिन्ह दोनदा लिहिण्यासकट. ब्राउझरांत एकसारखे चालेल एवढेच ठेवताना ती गळाली. परिणामी ब्राउझर सूत्र दाखवतो, पण अरुंद जागेत ते आपोआप दुमडत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे सूत्र नव्याने लिहिणे. हिचा विचार सर्वांत कमी होतो आणि फळ सर्वांत जास्त मिळते. त्रिकोणाच्या तीन बाजू अ, ब, क दिल्या असता क्षेत्रफळ काढण्याचे हिरोचे सूत्र शाळेत शिकवतात. ते सरळ बाजूंच्या भाषेत लिहिले, तर वर्गमूळाखाली हे येते:

(अ+ब+क)(−अ+ब+क)(अ−ब+क)(अ+ब−क)

आणि बाहेर एक चतुर्थांश. कंसांसकट ही २९ चिन्हे झाली. वर्गमूळाच्या आत असल्यामुळे ती तोडताही येत नाहीत. आता अर्धपरिमितीला स म्हणू. वर्गमूळाखाली उरते:

स(स−अ)(स−ब)(स−क)

सोळा चिन्हे, बाहेरचा अपूर्णांकही गेला. स = (अ+ब+क)/२ ही वेगळी छोटी ओळ. दोन्ही ओळी ३२० पिक्सेलांतही बसतात, आणि सूत्र समजायलाही सोपे होते. लांब पदावलीला नाव देणे, दुमजली अपूर्णांकाऐवजी तिरकी रेघ वापरणे, एका ओळीत तीन बरोबर चिन्हे न कोंबता प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर घेणे, ही कामे यंत्र करू शकत नाही. त्याला कोणते नाव अर्थपूर्ण हे ठाऊक नसते.

देवनागरी सूत्रांची एक खास अडचण आहे. शब्दांत लिहिलेले सूत्र दुमजली मांडले, की छेदातल्या शब्दाची शिरोरेषा अपूर्णांकाच्या रेघेच्या अगदी खाली येते आणि अंशातले उकार वरून त्याच रेघेला टेकतात. छापील पानावर दोन रेघा वेगळ्या दिसतात. आक्रसलेल्या पडद्यावर त्या एक होतात आणि ‘अंतर’ भागिले ‘वेळ’ हे एकाच जाड रेघेवर लटकलेले दोन शब्द वाटतात. यावर उपाय साधा आहे. सरळव्याज = मुद्दल × दर × काळ ÷ १०० असे लिहावे, किंवा म, द, क ही अक्षरे आधी सांगून व्याज = मदक/१०० लिहावे. शब्दांचे दुमजली अपूर्णांक फोनवर टाळलेलेच बरे.

आवाजाला रुंदी नसते

या साऱ्या खटपटीकडे पाहण्याची सर्वांत स्वच्छ दृष्टी आली ती डोळ्यांनी न वाचणाऱ्या संशोधकाकडून. टी. व्ही. रामन मूळचे पुण्याचे. पुण्यात गणित शिकून ते मुंबईच्या आयआयटीत गेले आणि १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधातली ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली टेकवर आधारलेल्या लाटेकमध्ये लिहिलेला गणिती मजकूर वाचून दाखवत असे. घातांक आला की आवाजाची पट्टी चढे. पदावली फार लांब असेल, तर तिच्या पोटातल्या भागाला नाव देऊन आधी सांगाडा ऐकवायचा आणि तपशील मागून, अशी सोय तिच्यात होती. हिरोच्या सूत्रात स ला नाव देऊन आपण जे केले, तेच.

हे जमले कारण लाटेकमध्ये सूत्राची रचना नोंदलेली असते. काय कशाच्या वर, काय कशाच्या पोटात, हे त्यातून कळते. चित्रातून ते कळत नाही. साध्या मजकुरातूनही निसटते. दहाचा सहावा घात नकलवून भलत्या जागी चिकटवला, की घातांक खाली उतरतो आणि दहा लाखांचे १०६ होतात. रचना शाबूत असेल तर तेच सूत्र रुंद पानावर एका ओळीत, फोनवर तीन ओळींत, ब्रेलमध्ये ठिपक्यांत आणि कानाला आवाजात मिळू शकते. शोधनिबंधांचे भांडार असलेल्या आर्काइव्हने डिसेंबर २०२३ पासून टेकमधल्या नव्या निबंधांच्या एचटीएमएल प्रती द्यायला सुरुवात केली, ती याच विचारातून. दृष्टिहीन वाचकांसाठी उचललेल्या पावलाचा लाभ फोनवर वाचणाऱ्या सगळ्यांनाच झाला.

मराठी मजकुराचे काय?

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात आणि टाळेबंदीच्या काळात लाखो मुलांना त्यांचाच आधार होता. ही सोय मोठी आहे. पण पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटोसारखा स्थिर आराखडा. ए-४ आकाराचे २१० मिलिमीटर रुंद पान सुमारे ७० मिलिमीटरच्या पडद्यावर बसवले, की १२ पॉइंटचे अक्षर चार पॉइंटचे होते. मोठे केले की प्रत्येक ओळीला पडदा डावी-उजवीकडे ढकलावा लागतो. भाषेच्या पुस्तकात हे निभते. गणितात विद्यार्थ्याला उदाहरणाच्या पाच पायऱ्या एकाखाली एक दिसायला हव्यात, तिथे निभत नाही.

मराठीतून विज्ञान-गणित लिहिणारे शिक्षक, मासिके आणि संस्था बहुधा सूत्राचे चित्र टाकतात, कारण ते कुठेही जसेच्या तसे दिसते. त्याची किंमत अशी, की ते शोधता येत नाही, मोठे केले की फिस्कटते आणि पडदावाचक त्यापाशी मुका होतो. खरे तर मॅथएमएल आता ब्राउझरांतच आहे आणि मॅथजॅक्स फुकट आहे. दोन्हींत देवनागरी अक्षरे चल म्हणून वापरता येतात. कमतरता आहे ती मजकूर तयार करतानाच अरुंद रुंदीचा विचार करण्याच्या सवयीची.

निवाडा

सगळ्या उपायांची झडती घेतली तर निष्कर्ष असा निघतो. आत घेतलेल्या मजकुराची पातळी जपावी, माप खुशाल कमी करावे. कोडची चौकट आडवी सरकू द्यावी, पण ती सरकते हे दिसू द्यावे. कवितेची ओळ ओळ म्हणूनच नोंदवावी, उरलेला भाग आत लटकवावा. सूत्र लहान करू नये. आधी नव्याने लिहून पाहावे, मग चिन्हापाशी तोडावे, आणि दोन्ही जमले नाही तरच सरकवावे. यांतले पहिले काम नेहमी लेखकाचे, नंतरचे यंत्राचे. आजवर क्रम उलटा होता. लेखक ए-४ वर लिहून मोकळे झाले आणि फोनवर काय दिसते याचे खापर तंत्रज्ञांवर फुटले.

मराठीत पाठ्यपुस्तके, कायद्याचे अनुवाद आणि विज्ञानलेखन करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की पीडीएफ देत राहा, पण तिच्या शेजारी रचना शाबूत असलेली एचटीएमएल प्रतही द्या. आणि ती प्रसिद्ध करण्यापूर्वी ब्राउझरची खिडकी ३२० पिक्सेलांवर आणून एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. जिथे पान आडवे हलेल, तिथे दुरुस्ती बाकी आहे.